अध्यापनभाराचे वाटप आणि मूल्यमापन: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: माझ्या आणि वरिष्ठ सहकाऱ्यांच्या तासिका जवळपास सारख्याच आहेत, मात्र नॅक (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी राष्ट्रीय संस्था), परीक्षा आणि प्रवेश समितीचे काम माझ्याकडेच आहे. हे काम कार्यभारात धरले जात नाही का?

उत्तर: धरलेच पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार पूर्णवेळ शिक्षकाचा कार्यभार वर्षातील ३० आठवडे, दर आठवड्याला किमान ४० तासांचा असतो. त्यांपैकी प्रत्यक्ष अध्यापन सहायक प्राध्यापकासाठी १६, तर सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापकासाठी १४ तासांचे आहे. उरलेल्या वेळात पूर्वतयारी, उत्तरपत्रिका तपासणी, संशोधन आणि समित्यांची कामे बसवायची असतात. परंतु तासिका वेळापत्रकात दिसतात आणि बाकीचे तास कुठेच नोंदले जात नाहीत, म्हणून ते नकार देऊ न शकणाऱ्या, बहुधा परिवीक्षाधीन (अद्याप सेवेत कायम न झालेल्या) शिक्षकाच्या माथी पडतात. सत्रारंभीच्या विभागीय बैठकीत प्रत्येकाच्या तासिका, समित्या आणि त्यांना लागणारे अंदाजे तास एकाच तक्त्यात मांडावेत, तो तक्ता सर्वांना द्यावा आणि इतिवृत्तास जोडावा, अशी लेखी विनंती आपण विभागप्रमुखांकडे करावी. नॅकसारखे वर्षभराचे काम सलग दुसऱ्या वर्षी त्याच व्यक्तीकडे राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न: नव्या अभ्यासक्रमामुळे मला तीन नवे विषय शिकवावे लागत आहेत, सहकारी एकच जुना विषय तीन तुकड्यांना शिकवतात. तास समान असल्याने प्राचार्य हे वाटप न्याय्य मानतात.

उत्तर: तास समान असले तरी श्रम समान नाहीत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आलेल्या अनेक विषयांची टिपणे शिक्षकांना मुळापासून तयार करावी लागत आहेत. दुसरीकडे, मोठ्या तुकड्यांच्या अंतर्गत मूल्यमापनाचा बोजाही खराच असतो. त्यामुळे वाटप करताना वेगवेगळ्या विषयांची संख्या आणि विद्यार्थिसंख्या या दोन्ही गोष्टी विचारात घ्याव्यात.

प्रश्न: प्रसूती रजेमुळे माझ्या तासिका कमी भरल्या. पदोन्नतीच्या वेळी श्रेणी घसरेल का?

उत्तर: घसरू नये. नेमून दिलेल्या तासिकांपैकी ८० टक्के वा अधिक घेतल्यास अध्यापनात ‘चांगली’, ७० ते ८० टक्क्यांदरम्यान ‘समाधानकारक’ श्रेणी मिळते. मात्र प्रसूती, बालसंगोपन, वैद्यकीय इत्यादी पगारी रजांचा काळ या हिशेबातून वगळण्याची तरतूद त्याच नियमावलीत आहे. स्वयंमूल्यमापन अहवालास रजामंजुरीचा आदेश जोडावा.

प्रश्न: मी तासिका तत्त्वावर शिकवतो. समित्यांचे काम नाकारता येईल का?

उत्तर: आपले मानधन घेतलेल्या तासिकांचे आहे, त्यापलीकडचे काम विनामोबदला मागणे अन्यायाचे आहे. पुढील वर्षीच्या नेमणुकीच्या चिंतेने आपल्याला एकट्याने नकार देणे कठीण जाईल, म्हणून हा विषय शिक्षक संघटनेमार्फत महाविद्यालय विकास समितीपुढे मांडावा.