पान काळं दिसलं म्हणजे करपाच असं नाही

तुम्ही विचारलंय, गुहागरला परसातल्या हापूसची पानं काळी पडलीत, हा करपा, म्हणजे बुरशीचा रोग का, आणि कोणतं बुरशीनाशक मारू? दुकानात नंतर जा. आधी ओल्या फडक्याने एक पान पुसून बघा.

आमच्या परसातलं कलम सासऱ्यांनी लावलेलं. एका शिमग्याला ते शेंड्यापर्यंत काळं झालं. थोरले भावोजी मुंबईहून आले होते. त्यांनी पान हातात न घेता, अंगणातूनच सांगितलं, "करपा आहे. औषध मारा, नाही सुधारलं तर पाडून टाकू, गाडीला जागा होईल." मी काही बोलायला गेले तर "तुला काय कळतं त्यातलं?" दुकानदारानेही बुरशीनाशकच दिलं. दोनदा फवारलं, काही फरक नाही.

एका सकाळी झाडाखालच्या जांभ्याच्या पायरीवर पाय चिकटला, साखरेचं पाणी सांडल्यासारखा. फांदी वाकवून मोहोर हलवला तर तुडतुडे, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, भसकन तोंडावर उडाले. पदराचं टोक ओलं करून पान पुसलं. काळं सगळं पदराला लागलं आणि खालून पान हिरवंगार निघालं.

करपा नव्हेच, खार पडली होती. तुडतुडे मोहोराचा आणि पालवीचा रस शोषतात, गोड चिकटा सोडतात, त्या चिकट्यावर काळी बुरशी वाढते. ती पानात शिरत नाही, वर बसून ऊन अडवते. तुडतुडे तसेच ठेवून बुरशीनाशक मारलं तर पैसे पाण्यात. आंबे उतरल्यावर मी मधल्या दाट फांद्या विरळ करून घेतल्या, झाडात ऊन-वारा खेळू लागला. कलम अजून उभं आहे, धरतंही. रोग न ओळखता झाड पाडायला सांगणाऱ्याचं ऐकू नये, मग तो घरातला कितीही मोठा असो.

करप्याचा डाग पुसून जात नाही. कोवळ्या पानावर तपकिरी-काळे वेडेवाकडे ठिपके येतात, वाळतात, मग तिथे भोक पडतं. पिठासारखं पांढरं दिसलं तर भुरी, हा बुरशीचा वेगळा रोग. नुसती टोकं आणि कडा करपल्या असतील तर खाऱ्या वाऱ्याचाही विचार करा.

खरंच करपा निघाला तर १ टक्का बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक मिश्रण: १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट), १०० ग्रॅम कळीचा चुना, १० लिटर पाणी. प्लास्टिकच्या बादल्यांत वेगवेगळं भिजवा, मोरचुदाचं पाणी चुन्याच्या दुधाळ पाण्यात ओता. लोखंडी सुरी बुडवून बघा, तांबूस पुट चढलं तर चुना कमी पडलाय.

तुडतुड्यांचं औषध मी इथून सांगत नाही, झाड बघितलेलं नाही. फांदी घेऊन दापोलीच्या कृषी विद्यापीठात दाखवा. आणि हो, मोहोर पूर्ण फुललेला असताना कीटकनाशक मारू नका, फळ धरवणाऱ्या माश्या मरतात.