टिमिड असणं आणि टिमिड वागणं

"मॅडम, मी पहिल्यापासून टिमिडच आहे" हे मी इतक्या मुलामुलींकडून ऐकलंय की शेवटी लिहायला बसले. बहुतेकांना हा शब्द ऑफिसच्या फीडबॅकमधून चिकटलेला असतो.

माझ्याकडे आलेली अशीच एक मुलगी, लातूरकडची, हिंजवडीत आयटीत नोकरीला. अप्रेझलमध्ये आलं होतं, मीटिंगमधले तुझे रिप्लाय टिमिड वाटतात. तिने मोबाईलवर अर्थ बघितला, भित्रा, बुजरा, आणि झोपच उडाली.

मी विचारलं, "टिमिड कोणाला म्हटलंय, तुला की रिप्लायला?"

बराच वेळ गप्प. "रिप्लायला. पण एकच ना ते?"

इथेच सगळे अडकतात. इंग्रजीत टिमिड माणसाला म्हणतात तसं आवाजाला, प्रयत्नाला, निर्णयालाही म्हणतात. शाय माणूस लोकांत लाजतो, इन्ट्रोव्हर्टला एकटं बरं वाटतं, भीती असेलच असं नाही. टिमिड म्हणजे धीर कमी पडणं, आणि तो नेमका कुठे कमी पडतो ते शोधून काढता येतं.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांना मानणारी, वागण्याला मार्क द्या, माणसाला देऊ नका, हे त्यांचंच. ते स्वतः एकोणीस वर्षांचे असताना मुलींशी बोलायला प्रचंड घाबरायचे, मग महिनाभर न्यूयॉर्कच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये बाकावर बसलेल्या शंभरेक बायकांशी मुद्दाम जाऊन बोलले, एकच भेटायला तयार झाली आणि तीही आली नाही, पण भीती पार गेली. हे ऐकून ती पहिल्यांदा हसली.

तिला मी एवढंच सांगितलं, भाजीवालीने मऊ टोमॅटो टाकला की परत द्यायचा, भीती वाटत असतानाच.

पुढच्या वेळी आल्या आल्या म्हणाली, "आवाज कापत होता मॅडम, हातातली पिशवीपण हलत होती. पण म्हटलं, मावशी, हा नको. तिने न बघताच बदलून दिला!"

"आणि भीती?"

"होतीच की. तरी बोलले."

हे "तरी बोलले" मला फार मोलाचं वाटतं, कारण भीती गेल्यावर बोलू म्हणून लोक वर्षानुवर्षं थांबतात आणि ती जाते बोलल्यावरच. आईवडिलांनी पण पाहुण्यांसमोर "आमची जरा बुजरीच आहे" म्हणणं बंद करावं, पोरं ते खरं मानून बसतात.

आता ती मीटिंग सुरू झाल्या झाल्याच एक प्रश्न विचारून घेते, जितका उशीर तितकी धडधड वाढते हे तिचं तिनेच शोधून काढलंय.