मोबाइलची प्रश्नपेटी : स्टार लावूनही अक्षर ठळक का होत नाही?

प्रश्न : गावच्या शेतकरी व्हॉट्सअ‍ॅप गटात मी लाइटच्या वेळा आणि बाजार समितीचे निरोप टाकतो. महत्त्वाच्या शब्दाला दोन्हीकडून स्टार (*) लावतो. कधी अक्षर ठळक होते, कधी नुसते स्टारच दिसून राहतात. असं का?
– शेतकरी वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : व्हॉट्सअ‍ॅपमध्ये स्टार आतल्या शब्दाला चिकटून हवा. * कापूस * असं जागा सोडून लिहिलं की काम होत नाही. पण तुमचा घोटाळा बहुधा प्रत्ययाचा आहे. ‘*बाजार समिती*त या’ असं लिहिलं, तर शेवटच्या स्टारला लगेच ‘त’ लागतो. त्या स्टारनंतर ॲपला मोकळी जागा, विरामचिन्ह किंवा ओळीचा शेवट लागतो. अक्षर आलं की तो स्टार साधं चिन्ह समजला जातो. म्हणून प्रत्ययासकट आख्खा शब्द आत घ्या : *बाजार समितीत* या. ‘चा’, ‘ला’, ‘ने’, ‘वर’ सगळ्यांना हेच लागू.

दुसरी चूक ओळीची. पहिल्या ओळीत स्टार उघडून तिसऱ्या ओळीत बंद केला, तर काहीच ठळक होत नाही. प्रत्येक ओळीला स्वतंत्र जोडी द्या. शब्दावर बोट दाबून धरून मेनूतून ‘ठळक’ निवडलं, तरी ॲप तेच स्टार टाकतं, त्यामुळे प्रत्ययाची चूक तिथेही होते. टेलिग्राममध्ये मात्र मेनूतून शब्दाचा अर्धा भागही ठळक करता येतो. हाताने लिहायचं तर तिथे दोन-दोन स्टार लागतात.

आणि सगळा निरोप ठळक करू नका. ‘थ्री फेज लाइट *रात्री १० ते सकाळी ६*’ यात नेमकी वेळ उठून दिसते. पूर्ण ओळ ठळक केली की माणूस पुन्हा सगळंच वाचत बसतो.

प्रश्न : वेळ बदलली की जुनी वेळ खोडलेली दाखवावी का? आणि भावांचा तक्ता सरळ रांगेत कसा बसवावा?
– बचत गटाची सचिव, ता. आरमोरी, जि. गडचिरोली

उत्तर : खोडायला दोन्हीकडून ~ लावा. पण छोट्या पडद्यावर देवनागरीत ती रेघ अक्षराच्या पोटातून जाते, आणि घाईत वाचणाऱ्याला आकडा तसाच कळतो. निरोप टाकून १५ मिनिटं झाली नसतील, तर दाबून धरून ‘संपादित करा’ निवडून आकडाच बदला. वेळ टळली असेल तर नवा निरोप ‘*बदल :*’ असा सुरू करा. तिरप्या अक्षरांसाठी _ आहे, पण मराठीत तो टाळलेलाच बरा. बऱ्याच फोनांत देवनागरीचा खरा तिरपा फॉन्ट नसतो, सरळ अक्षरच ढकलून तिरपं करतात आणि जोडाक्षरं वाचताना डोळा अडखळतो.

तक्त्यासाठी दोन्हीकडून तीन-तीन ` चिन्हं लावली की अक्षरं समान रुंदीची होतात, पण ते इंग्रजीला ठीक. मराठी अक्षरं त्यात समान रुंद होत नाहीत, रांग वाकडीच राहते. ओळीला एकच पीक लिहा : आधी नाव, मग भाव. ओळीच्या सुरुवातीला - आणि एक जागा दिली की यादीचे ठिपके येतात. ही सोय २०२४ पासून आहे.

प्रश्न : स्टार लावलेला हाच निरोप कीपॅडच्या फोनवर एसएमएसने जातो, तेव्हा काय होतं?
– वाचक, ता. चिखली, जि. बुलढाणा

उत्तर : स्टार तसेच दिसतात, आणि जागाही खातात. मराठी एसएमएसला ७० चिन्हं मिळतात. लांबला तर प्रत्येक तुकड्याला ६७. ‘रात्री’ आपल्याला दोन अक्षरं वाटतात, पण मोजणीत र, काना, त, हलन्त, र, वेलांटी अशी सहा होतात. पाठवण्याआधी स्टार काढा आणि वेळ किंवा तारीख पहिल्याच शब्दांत घ्या : ‘रात्री १० ते ६ लाइट. मोटार तेव्हाच लावा.’