'फॅशन असोसिएट'ला मराठीत काय म्हणावं?

हडपसरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्या मॉलमधल्या कपड्यांच्या दुकानात काम करतात. गळ्यातल्या ओळखपत्रावर 'फॅशन असोसिएट' असं छापलंय. मुलाच्या शाळेचा मराठी फॉर्म भरताना 'आईचा व्यवसाय' या रकान्यापाशी त्या अडल्या. 'फॅशन सहयोगी' असं लिहावं का, असं त्या विचारतात. 'नोकर' शब्द त्यांना कमीपणाचा वाटतो. दुकानात काम करणाऱ्यांसाठी मराठीत मान राखणारा शब्दच नाही का, हा त्यांचा पुढचा प्रश्न.

'सहयोगी' लिहू नका. मराठीत तो शब्द 'सहयोगी प्राध्यापकां'नी अडवून ठेवलाय. वर्गशिक्षिकेला वाटेल, तुम्ही फॅशनच्या कॉलेजात शिकवता.

दुकानातल्या माणसाला 'असोसिएट' म्हणण्याची चाल अमेरिकेतली. तिथले मोठे दुकानदार जे. सी. पेनी यांच्या दुकानांत हा शब्द रुळलेला होता. सॅम वॉल्टन १९४० मध्ये तिथे नोकरीला लागले, १९६२ पासून त्यांनी स्वतःची वॉलमार्टची दुकानं काढली, आणि पुढे तिथेही तो शब्द वापरात आणला. १९७१ मध्ये तासावर काम करणाऱ्यांनाही त्यांनी नफ्यातला वाटा देऊ केला, म्हणजे शब्दापाठोपाठ थोडं तरी हातात पडलं. आपल्याकडे आलं ते नुसतं ओळखपत्र.

आता 'नोकर'. ताईंना या शब्दाचा राग येतो, पण त्याचं मूळ ऐकण्यासारखं आहे. तो आपल्याकडे फारसीतून आला आणि फारसीत मंगोलांकडून. मंगोल भाषेत 'नोकोर' म्हणजे सोबती, सरदाराच्या बरोबरीने घोड्यावर निघणारा साथीदार. चंगीझखानाच्या काळात हे मानाचं नातं होतं. म्हणजे 'नोकर' हा आठशे वर्षांपूर्वीचा 'असोसिएट'च! तो शब्द फिरत फिरत आपल्यापर्यंत आला तोवर पार धुणीभांडी करायला लागला. मराठीने त्यात आणखी एक गंमत केली: माणसाचं नाव खाली घसरलं, कामाचं नाव वर चढलं. नोकरी लागली की पेढे वाटतात. 'मुलगा नोकरीला आहे ना?' हे मुलीकडचे आवर्जून विचारतात. 'मुलगा नोकर आहे ना?' असं विचारलं तर बैठक तिथेच मोडेल.

'मेहतर' शब्दाचं याहून वाईट झालं. फारसीत मेहतर म्हणजे मोठा, श्रेष्ठ. आपल्याकडे झाडलोट करणाऱ्या आणि मैला वाहणाऱ्या माणसांना हे नाव चिकटलं. नाव थोर, काम तेच, आणि लोकांचं वागवणंही तेच. शेवटी नावच हिणवायला वापरलं गेलं. त्यामुळे आज 'हाऊसकीपिंग एक्झिक्युटिव्ह' हे नाव आणखी वीस वर्षांनी कसं ऐकू येईल, ते मला आत्ताच दिसतंय.

बदलून घेतलेलं नाव कधीकधी अर्थच हरवून बसतं. २०२५ च्या गणपतीआधी सरकारी लिखाणातून 'चाकरमानी' काढून 'कोकणवासी' लिहावं, अशी सूचना आली. 'चाकर' शब्द खटकतो, हे मान्य. पण कोकणवासी तर बारा महिने गावात राहणाराही असतो. मुंबईहून गाडी पकडून येणारा कोण, हे नव्या शब्दात कळतच नाही.

दुकानांकडे वळू. लक्ष्मी रोडवर साड्यांच्या दुकानात गादीवर बसणारा सेल्समन पाहा. पुढ्यात घड्यांचा ढीग. एका हाताने पदर उलगडून तो स्वतःच्याच खांद्यावर टाकून दाखवतो आणि त्याच वेळी तुमची नजर कुठल्या रंगावर थांबली तेही टिपतो. गल्ल्यावरून आवाज येतो, 'पोराला वरचा माल काढायला सांग रे.' ते पोर पन्नाशीचं असतं. समोरची गिऱ्हाईक बाई मात्र म्हणते, 'दादा, ती मोरपंखी दाखवा ना.' आपल्याकडे मान बसतो तो हाकेत आणि प्रत्ययात. 'दुकानातला मुलगा' आणि 'दुकानातले काका' यांच्यात पदनामाचा काहीच फरक नाही, फरक 'ला' आणि 'ले'चा आहे. शाळेतल्या शिपायाला पोरं 'मामा' म्हणतात, इस्पितळात 'मावशी' असतात, सोसायटीच्या गेटवर 'सिक्युरिटी काका'. यातही एक खोच आहेच, कारण मावशी म्हटलं की पगारवाढ मागणं अवघड होऊन बसतं.

जुन्या पेढीवर दिवाणजी असायचे, हिशेबाला गुमास्ता, उचलठेवीला गडी. 'गुमास्ता' फारसी, अर्थ नेमलेला माणूस. तो माणूस दुकानांतून गेला, पण दुकानाच्या नोंदणीला लोक अजून 'गुमास्ता लायसन्स'च म्हणतात. आणि सगळ्यांत साधा शब्द 'माणूस'. 'माणूस नाहीये आत्ता, उद्या पाठवतो,' असं इलेक्ट्रिकच्या दुकानात ऐकल्यावर बोलणारा स्वतः कोण, असा प्रश्न पुणेकराला पडत नाही.

'पार्टनर'बद्दल मात्र माझा पक्का आक्षेप आहे. स्टारबक्स आपल्या लोकांना पार्टनर म्हणते, त्यामागे निदान १९९१ पासूनची शेअर देण्याची योजना तरी आहे. घरोघर जेवण पोहोचवणाऱ्या पोरांना ॲपवाले 'डिलिव्हरी पार्टनर' म्हणतात, तिथे काय आहे? पेट्रोल त्याचं, गाडी त्याची, पावसात भिजायचं त्याने. मराठीत 'भागीदार' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, 'किती आणे?' रुपयात चार आणे भागी, आठ आणे भागी, असा तो हिशेब असतो. म्हणून मराठीत बोलतानाही 'पार्टनर'च म्हणतात; 'आमचा भागीदार पार्सल घेऊन येतोय' असं म्हटलं तर ऐकणारा हसेल. या शब्दाने 'नोकर' नावाबरोबर मालक-नोकर हे नातंही कागदावरून पुसलं जातं, आणि त्याबरोबर पीएफ आणि भरपगारी रजा. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा 'गिग', म्हणजे सुटी कामं करणाऱ्या, कामगारांची व्याख्या केली, तीही पारंपरिक मालक-नोकर नात्याबाहेर काम करणारे, अशीच.

पदवी फुगवण्यातही पैसा असतो. अमेरिकेत ठरावीक पगाराच्या वर माणूस मॅनेजरचं काम करतो असं दाखवता आलं की ओव्हरटाइम द्यावा लागत नाही. २०२३ मध्ये तिथल्या अभ्यासकांनी नोकरीच्या जाहिराती चाळल्या, तर नेमक्या त्या पगाराच्या आसपास मॅनेजरांचं पीक आलेलं दिसलं. त्यांत गालिचे धुणारे मॅनेजरही होते. आपली न्यायालयं माणूस कामगार आहे की नाही हे ठरवताना पाटीवरचं नाव बाजूला ठेवतात आणि प्रत्यक्ष काम काय होतं ते तपासतात. तेव्हा ताई, उद्या तुम्हाला 'फ्लोअर मॅनेजर' केलं आणि काम घड्या घालण्याचंच राहिलं, तर हे लक्षात असू द्या.

सगळा दोष इंग्रजीवर ढकलायलाही नको, मराठी सरकारी शब्द यात कुठेच मागे नाहीत. अंगणवाडीतल्या बाई 'सेविका', त्यांच्या हाताखालच्या 'मदतनीस'. यातला 'नीस' फारसी 'नवीस'मधला, म्हणजे लिहिणारा. फडणीस, चिटणीस, पोतनीस हे सगळे लेखणीवाले. त्या हिशेबाने मदतनीस म्हणजे मदत लिहिणारी! असो. सेवा म्हटली की पगार म्हणता येत नाही, म्हणून त्यांना 'मानधन' मिळतं. मान भरपूर, धन बेताचं. शिक्षकांनाही पहिली तीन वर्षं 'शिक्षणसेवक' करून हेच केलं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीच्या हक्कदार आहेत असा निकाल दिला, तेव्हा मानधन हेही वेतनच ठरलं.

उलट पुण्यातच अशीही माणसं आहेत ज्यांनी आपलं जुनं नाव बदललं नाही. बाबा आढावांनी उभी केलेली संघटना 'हमाल पंचायत' या नावानेच वाढली. 'लोडिंग असोसिएट' कुणी मागितलं नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याच्या नावातही 'हमाल' आहे. १९९३ ची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' तर वेचायच्या वस्तूंचीच यादी नावात घेऊन उभी राहिली. 'कचरावेचक' हा त्यांचा शब्द. ओळखपत्र त्यांच्याही गळ्यात आहे, पण त्यावरचा शब्द मुंबईच्या किंवा अमेरिकेच्या हेड ऑफिसातून आलेला नाही.

तर, फॉर्म. 'विक्रेती' लिहाल तर दुकान तुमचंच आहे असं वाटेल, कारण पाटीवरचे 'पुस्तक विक्रेते' हे मालक असतात. 'सेल्सगर्ल' बोलण्यात ठीक, पण मुलाच्या आईला गर्ल कशाला म्हणायचं? रकाना लहान असेल तर 'नोकरी' एवढं पुरे. जागा असेल तर 'नोकरी, कपड्यांच्या दुकानात विक्री कर्मचारी' असं लिहा. कायद्याच्या कागदाला 'कामगार' चालतो, तो जास्त उपयोगाचाही आहे. आणि रकान्याचं नाव 'व्यवसाय' आहे म्हणून धंदा समजू नका, शाळेला फक्त उत्पन्न कुठून येतं तेच हवं असतं.