सॅडल कमरेला चिमटतंय आणि पेटंटची धास्ती वाटतेय

या महिन्याच्या पत्रांत चार प्रश्न एकाच गोष्टीभोवती, झाडावर दोराला टांगून बसायच्या सॅडलभोवती, फिरत होते, म्हणून चौघांना एकत्रच उत्तरं देतोय. पत्रं थोडी छोटी केलीत, नावं काढलीत.

प्रश्न: काका, माझा चुलतभाऊ अमेरिकेत असतो, तिकडे लायसन्स काढून धनुष्यबाणाने हरणाची शिकार करतो. दिवाळीत आला तेव्हा त्याने स्वतःचं हंटिंग सॅडल मला दिलं. मी शिकार वगैरे काही करत नाही, पक्ष्यांचे फोटो काढतो, आणि ओझरला मामाच्या मळ्यात जुनी चिंच आहे तिच्यावर बसतो. पण पाऊण तास झाला की कमरेच्या दोन्ही बाजूंना असं चिमटतं की खाली उतरावंच लागतं. नवीन घ्यायचं तर कुठलं घेऊ? (इंदिरानगर, नाशिक)

उत्तर: दादा, आधी घेऊ नका, आधी आहे ते नीट लावून बघा. बाकीच्या वाचकांसाठी सांगतो, सॅडल म्हटलं की आपल्याला घोड्याचं खोगीर आठवतं पण याचा घोड्याशी काही संबंध नाही. हा कमरेला आणि बुडाखाली घ्यायचा कापडी झोपाळा असतो, त्याच्या दोन बाजूच्या फाशांना एक छोटा दोर लावलेला असतो त्याला ब्रिज म्हणतात, आणि झाडाच्या खोडाला वर बांधलेला दुसरा दोर म्हणजे टेदर, ब्रिज त्या टेदरला कॅराबिनरने म्हणजे उघडझाप होणाऱ्या धातूच्या कडीने अडकवायचा आणि पाय खोडाला किंवा छोट्या प्लॅटफॉर्मला टेकवून मागे रेलायचं किंवा बसायचं, बस्स. वजन किलोभर किंवा त्याहून कमी, म्हणून लोखंडी मचाण खांद्यावर वाहून नेण्यापेक्षा तिकडच्या लोकांना हे आवडतं.

आता तुमचं चिमटणं. तिकडे याला हिप पिंच म्हणतात आणि बहुतेक वेळा दोष सॅडलचा नसतो, ब्रिजच्या लांबीचा असतो. आपल्याकडे बाळाची झोळी बांधतात ना, तिचे दोन्ही दोर वर एकाच ठिकाणी आले की कापड बाळाला दोन्हीकडून आवळून धरतं, म्हणून तर बायका मध्ये आडवी काठी घालतात. सॅडलचं अगदी तसंच. ब्रिज आखूड असला की दोन्ही फासे एकमेकांकडे ओढले जातात आणि तुमची कमर मध्ये सापडते, ब्रिज लांब केला की तो ओढा सरळ पुढे जातो आणि कमर मोकळी होते. चारचार बोटं सोडत जा आणि प्रत्येक वेळी दहा मिनिटं बसून बघा. फार लांब करू नका, कारण मग कॅराबिनर हाताला येत नाही.

दुसरं म्हणजे टेदर किती वर बांधलाय. रेलून उभं राहायचं असेल तर साधारण भुवईच्या उंचीवरून सुरुवात करा, बसायचं असेल तर त्याहून वर घ्या. गाठ वर गेली की भार बुडावर येतो आणि खाली आली की पायांवर आणि कमरेच्या मागच्या बाजूवर येतो. फोटोग्राफरला दोन्ही लागतं, त्यामुळे प्रूसिक गाठ (भार आला की घट्ट बसणारी, भार काढला की सरकणारी) वरखाली सरकवायची सवय लावून घ्या, पण हे सगळं आधी जमिनीपासून हातभर वर असतानाच करून बघा.

मी स्वतः मखमलाबादला मित्राच्या बागेतल्या आंब्यावर एक सिंगल पॅनलचं, म्हणजे बसायला एकच पट्टी असलेलं, सॅडल लावून सकाळभर बसलो होतो. पहिल्या अर्ध्या तासात उजव्या बाजूला इतकं दुखायला लागलं की मला वाटलं सॅडलच लहान आहे, खाली उतरून बघितलं तर खिशातला किल्ल्यांचा जुडगा बरोबर पट्टीखाली दबलेला आणि कमरेच्या हाडावर किल्लीच्या दात्यांचा लाल छाप उमटलेला. तेव्हापासून खिसे रिकामे केल्याशिवाय मी पट्टी आवळत नाही. तुम्हीही शर्टाची घडी, बेल्टचं बकल, मोबाईल सगळं बघा. पायातल्या पट्ट्या घट्ट आवळायच्या नसतात, त्या तुम्ही खालून निसटू नये म्हणून असतात, भार त्यांच्यावर घ्यायचा नाही. आणि गुडघ्यांना पॅड लावा, खोडाला टेकलेले गुडघे सगळ्यात आधी ओरडतात.

एवढं करूनही दुखलं तर मग नवीन बघा, आणि तेव्हा दोन पॅनलवालं घ्या. त्यात एक पट्टी कमरेशी आणि दुसरी मांड्यांच्या वरच्या बाजूला सरकवता येते, म्हणजे दर थोड्या वेळाने भाराची जागा बदलता येते, आणि जागा बदलता येणं हेच आरामाचं खरं कारण असतं, गादी कितीही जाड असली तरी एकाच जागी दोन तास दाब आला की दुखणारच. सिंगल पॅनल हलकं असतं, पिशवीत मावतं, पण ज्याची कमर रुंद आहे त्याला बऱ्याचदा ते चावतं. मापं बघताना पँटचा नंबर धरू नका, हिवाळ्यात जाडजूड जॅकेट घालून बसणार असाल तर त्यावरून माप घ्या. ट्रेकिंगवाल्या मित्राचं क्लाइंबिंग हार्नेस वापरू का असं पुढे विचाराल म्हणून आत्ताच सांगतो, ते चढण्यासाठी आणि पडल्यावर झेलण्यासाठी केलेलं असतं, त्यात तासनतास बसायला गेलात तर मांड्या बधिर होतात.

आणि हे मी हक्काने सांगतोय, जमिनीवरून पाय उचलला तेव्हापासून परत जमिनीवर येईपर्यंत तुम्ही झाडाला बांधलेले पाहिजेत. चढताना लाइनमनचा दोर (विजेच्या खांबावर चढणारे कमरेला लावतात तसा) खोडाभोवती, वर गेल्यावर आधी टेदर अडकवायचा आणि मगच लाइनमनचा सोडायचा. टेदर ढिला ठेवायचा नाही, सॅडल तुम्हाला धरून ठेवतं, पडताना झेलायला ते केलेलं नाही. न हलता लटकून राहिलं तर पायात रक्त साठतं आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो, म्हणून पाय हलवत राहा आणि घरी कुणाला तरी सांगून जा. नाशिकमध्ये गिर्यारोहण शिकवणारी मंडळी आहेत, त्यांच्याकडून एक रविवार गाठी शिकून घ्या.

कायद्याचं राहिलंच. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, सॅडल बाळगण्यात त्यामुळे गुन्हा नाही, मामाच्या चिंचेवर मामाच्या परवानगीने खुशाल बसा. पण नांदूर मध्यमेश्वरला हे घेऊन जाऊ नका, ते अभयारण्य आहे, जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलेली महाराष्ट्रातली पहिली जागा, तिथे वनखात्याने निरीक्षण मनोरे बांधलेत आणि चित्रबलाक नि जांभळ्या पाणकोंबड्या तिथून छान दिसतात, झाडावर चढून त्यांना उठवायची काही गरज नाही.

प्रश्न: काका, माझं अंबड एमआयडीसीत १४ मशीनचं शिलाई युनिट आहे, कॉलेज बॅगा आणि लॅपटॉप बॅगा करतो. अमेरिकेतल्या एका गिऱ्हाईकाने ट्री सॅडलचं सॅम्पल पाठवलंय आणि २०० नग करून द्याल का विचारतोय. सॅम्पलवर पेटंटचा नंबर छापलाय. मित्र म्हणतात हात लावू नको, कोर्टात जाशील. काय करू? (अंबड)

उत्तर: मित्रांचं अर्धं खरं आहे. पेटंट हे देशापुरतं असतं. अमेरिकेचं पेटंट अमेरिकेत चालतं, भारतात नाही, भारतात त्याच माणसाने वेगळा अर्ज केला असेल आणि तो मंजूर झाला असेल तरच इथे बनवायला अडचण. आंतरराष्ट्रीय मार्गाने आलेल्यांना पहिल्या अर्जाच्या तारखेपासून ३१ महिन्यांत भारतात यावं लागतं, आणि खूप लोक येतच नाहीत कारण त्यांचं मार्केट इथे नसतं. भारतीय पेटंट ऑफिसच्या वेबसाइटवर फुकट शोधता येतं, तिथे बघा.

पण तुमचा माल जाणार कुठे, अमेरिकेत. तिथे पेटंटवाल्याच्या परवानगीशिवाय तो माल आयात करणं आणि विकणं हेच पेटंटचं उल्लंघन ठरतं, म्हणजे अंबडला शिवताना काही झालं नाही तरी तिकडच्या बंदरात माल अडकू शकतो आणि गिऱ्हाईक पैसे थांबवून बसतो, आणि कापड, वेबिंग, मजुरी तुमची गेलेली असते. म्हणून त्याला सरळ विचारा की हे पेटंट तुझं आहे का, नसेल तर लायसन्स आहे का, आणि तसं कागदावर घ्या, सोबत पेटंटवरून काही वाद झाला तर खर्च त्याचा असंही लिहून घ्या. जो माणूस हे लिहून द्यायला टाळाटाळ करतो त्याचं काम घेऊ नका, २०० नगांसाठी युनिट पणाला लावू नका.

आता तो नंबर घाबरून बाजूला ठेवू नका, वाचा. गूगल पेटंट्सवर नंबर टाकला की पूर्ण कागद उघडतो. चित्रं बघून फसू नका, शेवटी क्लेम म्हणजे नेमकं काय आपलं आहे याचे दावे असतात, त्यातला पहिला वाचा, पेटंटचं कुंपण तिथे असतं. कुणीही झाडाला झोळी बांधून बसण्याचं पेटंट घेऊ शकत नाही, विजेच्या खांबावर चढणारे लाइनमन आणि झाडं छाटणारे आधीपासून पट्ट्यांत बसतायत, १९७० च्या अन्नपूर्णा दक्षिण कड्याच्या मोहिमेसाठी ब्रिटिश गिर्यारोहक डॉन व्हिलन्सने बसायचं हार्नेस डिझाइन केलं होतं. त्यामुळे आज जे पेटंट मिळतं ते बहुतेक एखाद्या बारीक गोष्टीचं असतं, ब्रिज कसा लांब-आखूड होतो, दोन पॅनल कसे जोडलेत, असलं काही. पहिल्या क्लेममध्ये पाच गोष्टी एकत्र सांगितल्या असतील आणि तुमच्या मालात त्यातली एक नसेल, तिच्या जागी तेच काम करणारी दुसरीही नसेल, तर ढोबळमानाने तुम्ही कुंपणाबाहेर आहात. हे शेवटी पेटंट एजंटकडून तपासून घ्या, पण त्याच्याकडे जाताना वाचून जा, फी कमी लागते.

या धंद्यात हे असंच चालत आलंय. कडे चढणाऱ्यांनी फटीत अडकवायचं स्प्रिंगवालं उपकरण अमेरिकन गिर्यारोहक रे जार्डिनने काढलं, फ्रेंड्स नावाने ते विकलं गेलं आणि १९८० मध्ये त्याला अमेरिकन पेटंट मिळालं, मग दुसऱ्यांनी वेगळी रचना शोधली, एकाने दोन आसांची केली आणि तिचंही पेटंट घेतलं, ते संपल्यावर बाकीच्या कंपन्यांनीही दोन आसांचे आणले. वेल्क्रोचंही तसंच, स्वित्झर्लंडच्या जॉर्ज दे मेस्ट्रालचं पेटंट संपल्यावर तसली पट्टी कुणीही बनवायला लागलं, आज तुमच्या बॅगांना लागते ती त्यातलीच. आणि १९५९ मध्ये व्होल्वोच्या नील्स बोलीनने गाडीचा तीन टोकांचा सीटबेल्ट केला तेव्हा कंपनीने ते पेटंट सगळ्यांना वापरायला खुलं ठेवलं. मला विचाराल तर जीव टांगणाऱ्या सामानात शेवटचा रस्ता सगळ्यात चांगला, पण एवढ्याशा कारखान्याला तो परवडत नाही हेही समजतं, वर्ष-दोन वर्षं डोकं घालवून एखादं बकल काढलेल्याला त्याचा मोबदला मिळायलाच हवा.

तुम्ही स्वतः काही नवीन काढलंत तर मात्र इन्स्टाग्रामवर टाकू नका. अमेरिकेत स्वतःच दाखवल्यानंतर वर्षभराची सवलत आहे, आपल्याकडे थोडे अपवाद सोडले तर तशी सवलत नाही, दाखवलं की नवेपण गेलं. आधी प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरता अर्ज करा, ऑनलाइन भरला तर स्वतःच्या नावाने किंवा लघुउद्योग म्हणून फी १,६०० रुपये, आणि पुढच्या १२ महिन्यांत पूर्ण अर्ज द्यायचा. महाराष्ट्राचं काम मुंबईच्या पेटंट ऑफिसकडे असतं. मिळालं तर अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, पण दरवर्षीची फी भरली तरच, ती चुकली की पेटंट गेलं.

एक गोष्ट पेटंटहून मोठी आहे. कॉलेज बॅगेची शिलाई उसवली तर पोरगं वह्या उचलतं, याची उसवली तर माणूस खाली येतो. बार-टॅकचे म्हणजे भार येणाऱ्या जागी दाट घातलेले टाके, धाग्याचा दर्जा, प्रत्येक लॉटचा रेकॉर्ड, आणि सॅम्पल तुटेपर्यंत ओढून बघणारी लॅब, हे नसेल तर पेटंट मोकळं असलं तरी काम घेऊ नका. अंदाजासाठी सांगतो, क्लाइंबिंगच्या सीट हार्नेसला युरोपच्या ईएन १२२७७ या मानकात १५ किलोन्यूटनची ओढ सोसावी लागते, म्हणजे दीड टन वजन टांगल्यासारखं.

प्रश्न: ऑनलाइन बघितलं तर एका सॅडलवर ‘पेटंटेड’ लिहिलंय आणि दुसऱ्यावर ‘पेटंट पेंडिंग’. पहिलं जास्त सुरक्षित असतं का? (नाशिकरोड)

उत्तर: नाही ताई. पेटंट मिळतं ते वस्तू नवीन आहे म्हणून, मजबूत किंवा आरामदायी आहे म्हणून नाही, पेटंट ऑफिसात कुणी त्यात बसून बघत नाही. पेंडिंग म्हणजे अर्ज टाकलाय, निकाल लागायचाय. पेटंट नसताना आहे असं छापणं आपल्या कायद्याने दंडाला पात्र आहे, तेव्हा नंबर दिसला नाही तर विक्रेत्याला मागा. सुरक्षिततेसाठी वजनाची मर्यादा, कुठल्या मानकाप्रमाणे टेस्ट केलं ते, आणि बनवल्याची तारीख, हे तीन बघा. आणि शक्य असेल तर अर्धा तास लटकून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रश्न: सेकंडहँड सॅडल निम्म्या किमतीत मिळतंय, घेऊ का? (सिडको)

उत्तर: मी घेणार नाही. ते कुठे पडलं होतं, उन्हात किती महिने टांगलेलं होतं, बॅटरीचं ॲसिड लागलंय का, हे बघून कळत नाही. घेऊन झालंच असेल तर पट्टी बोटांत दुमडून उजेडात धरा, रंग उडून पांढुरकी झाली असेल, कडेला धागे केसाळ झाले असतील किंवा एखादा टाका तुटलेला दिसला तर ते गेलं समजा. तेव्हा कचऱ्यात तसंच टाकू नका, पट्ट्या आणि ब्रिज कात्रीने मधोमध कापून टाका, नाहीतर भंगारातून ते कुणाच्या तरी हाती जाईल आणि तो त्याला लटकेल.