विद्यापीठात मूल्यमापनाची आणि सतत सुधारणेची संस्कृती कशी रुजवता येईल?

तुम्ही लिहिलंय की आयक्यूएसीची, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाची, जबाबदारी नुकतीच तुमच्याकडे आली आहे, एक्यूएआर (वार्षिक गुणवत्ता अहवाल) दरवर्षी जातो, पण उच्च शिक्षण संस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येऊन गेली की सगळं पुन्हा पूर्वीसारखं होतं. मी रसायनशास्त्र शिकवतो आणि हे काम बरीच वर्षं केलं आहे. सुरुवातीची काही वर्षं मीही ते चुकीच्या टोकाकडून करत होतो.

सत्र संपलं की सीओ-पीओचा, म्हणजे विषयाची आणि पदवीची अपेक्षित निष्पत्ती जोडणारा, तक्ता भरायचा, अटेनमेंट (ती निष्पत्ती किती साधली) काढायची, उद्दिष्टापेक्षा कमी आली तर पुढच्या वर्षीचं उद्दिष्टच खाली आणायचं. फाइल पूर्ण व्हायची. जूनमध्ये पुन्हा वर्गावर जाताना त्यातला एकही आकडा आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात नसायचा.

एका वर्षी आम्ही तिघे बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाच्या उत्तरपत्रिका घेऊन स्टाफरूममध्ये बसलो. एकूण गुण बाजूला ठेवले आणि प्रश्नाप्रमाणे गुण मांडले. मोलॅरिटीची (द्रावणाच्या तीव्रतेच्या मापाची) व्याख्या जवळजवळ सगळ्यांनी अचूक लिहिली होती. पण तीव्र द्रावणापासून विरल द्रावण कसं कराल, या साध्या गणितात निम्म्याहून जास्त मुलं अडली होती. आमची पहिली प्रतिक्रिया नेहमीचीच: मुलांचं गणित कच्चं आहे. मग आमच्यातल्या एका मॅडमनी विचारलं, ‘ही मुलं द्रावण स्वतः कधी तयार करतात?’ कधीच नाही. बॅच येण्याआधीच आमचे लॅब असिस्टंट ठरलेल्या तीव्रतेच्या (एन बाय टेन) तयार द्रावणाच्या बाटल्या भरून टेबलावर ठेवत असत. मुलं थेट ब्युरेट भरत. जे आम्ही कधी करूच दिलं नव्हतं, ते आम्ही परीक्षेत विचारत होतो.

पुढच्या वर्षी पहिली तीन प्रॅक्टिकल्स आम्ही बदलली. वजन करण्यापासून फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत पाणी भरण्यापर्यंत सगळं मुलांनी करायचं. रसायनं जास्त लागली, वेळ गेला, जर्नलमधला एक प्रयोग गाळावा लागला. त्या वर्षीच्या उत्तरपत्रिकांत तोच प्रश्न पुन्हा पाहिला, तर अडलेली मुलं बरीच कमी झाली होती. सगळी नाही. त्या एका दुपारने विभागात जे बदललं, ते आमच्या कुठल्याच कार्यशाळेने बदललं नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं असं: मोजमाप शिक्षकाच्या स्वतःच्या प्रश्नातून निघालं पाहिजे आणि त्याचं उत्तर वर्गात परत गेलं पाहिजे. नॅकच्या सात निकषांत याला जागा आहेच. दुसऱ्या निकषात अध्ययन निष्पत्ती, सहाव्यात अंतर्गत गुणवत्ता व्यवस्था. काम आधी खरं झालेलं असेल तर अहवाल लिहायला दोन दिवस पुरतात. आपण बहुतेक ठिकाणी उलट्या क्रमाने जातो.

सगळ्यात मोठा अडथळा भीतीचा आहे. प्रश्नाप्रमाणे गुण मांडले की कुणाचा भाग कच्चा राहिला ते उघड दिसतं. हे कागद कॅसच्या (शिक्षकांच्या पदोन्नतीच्या) फाइलला लागणार किंवा कुणाला खुलासा मागायला वापरले जाणार, अशी नुसती शंका आली तरी सगळे आकडे छान येऊ लागतात. मी हे होताना पाहिलंय. तुम्ही कुलगुरूंकडून एकच गोष्ट लेखी मिळवा: या बैठकांतली माहिती कुणाही शिक्षकाच्या वैयक्तिक मूल्यांकनासाठी वापरली जाणार नाही. आणि एखादा विभाग वाईट निकाल घेऊन स्वतःहून आला, तर त्याला रसायनं, जादा तास, जे लागेल ते आधी द्या. बाकीचे विभाग ते बघत असतात.

दुसरा अडथळा, ज्याबद्दल फारसं बोललं जात नाही, तो सीएचबीचा, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या नेमणुकांचा. पायाभूत विषय कित्येकदा तासिका तत्त्वावरचे शिक्षक शिकवतात आणि पुढच्या वर्षी तिथे दुसरंच कुणी असतं. या वर्षी जे कळलं ते त्यांच्याबरोबर निघून जातं. म्हणून काय आढळलं, काय बदललं आणि पुढे काय पाहायचं, हे एका पानावर लिहून ठेवा आणि जूनच्या पहिल्या बैठकीत ते पान मोठ्याने वाचा. त्या बैठकीला सीएचबीवरच्या शिक्षकांनाही बोलवा, आणि त्यांना त्या वेळेचं मानधन द्या.

विद्यार्थ्यांचा फीडबॅक सत्राच्या मध्यावर घ्या. शेवटी घेतला तर भरणाऱ्याला त्याचा काहीच उपयोग नसतो. पुढच्याच आठवड्यात वर्गात सांगा की यातलं हे बदलतोय, हे बदलता येत नाही आणि का.

तुमचं एका बाबतीत बरं आहे. स्वायत्त नसलेल्या संलग्न कॉलेजांना अभ्यासक्रमाला हात लावता येत नाही. तुमच्याकडची त्रुटी अभ्यासक्रमातच निघाली, तर ती विद्यापीठात अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळापुढे नेता येते. उत्तरपत्रिकांवरून काढलेला तक्ता सोबत असला की मंडळात चर्चाही वेगळी होते.

सगळ्या विभागांना एकदम परिपत्रक काढू नका. राजी असलेला एक विभाग आणि त्यातला एकच विषय घ्या. पेपर तपासून झाले की त्याच आठवड्यात बसा, कारण सुट्टी लागल्यावर कुणी जमत नाही.