ग्राफीनमध्ये चुंबकत्व शोधायला निघालायस? आधी हे वाच

ग्राफीन म्हणजे कार्बनचा एक अणू जाडीचा थर. त्यावर काही चिकटवून चुंबकत्व आणायचं, तर सुरुवात मोठ्या रेणूने करू नकोस, एका हायड्रोजन अणूने कर. तो कार्बनला घट्ट चिकटला की त्या जागेचा π (पाय) इलेक्ट्रॉन, म्हणजे एरवी थरभर फिरणारा इलेक्ट्रॉन, बंधात अडकतो आणि सुमारे एक बोर मॅग्नेटॉनचा (अणूंच्या चुंबकत्वाचं एकक) चुंबकी आघूर्ण, म्हणजे इवल्या चुंबकाची ताकद, उरतो. गंमत म्हणजे हा आघूर्ण त्या कार्बनवर नसतो, शेजारच्या दुसऱ्या उपजालकावर पसरलेला असतो (ग्राफीनचे अणू एकमेकांत गुंफलेल्या दोन संचांत वाटलेले असतात, तेच उपजालक). दोन हायड्रोजन एकाच उपजालकावर बसले तर आघूर्णांची बेरीज होते. वेगवेगळ्या उपजालकांवर जवळजवळ बसले तर सगळं शून्य. नियंत्रणाची खरी किल्ली इथेच आहे. 2016 मध्ये माद्रिदच्या गटाने एसटीएमच्या (एकेक अणू दाखवणारा सूक्ष्मदर्शक) टोकाने अणू हलवून हे दाखवलं. ग्राफीनमधला विद्युतभार वाढवूनही आघूर्ण विझवता येतो, आणि खालचा थर असा भार देऊ शकतो, म्हणून ग्राफीनखालचा थर कोणता आहे ते नीट पाहा.

नुसता टेकलेला, बंद कवचाचा (सगळे इलेक्ट्रॉन जोडीत असलेला) रेणू बहुधा काहीच करत नाही. टीसीएनक्यू या सेंद्रिय रेणूसारखा इलेक्ट्रॉन ओढणारा असेल तर गोष्ट वेगळी.

संगणकावर गणित करताना सुरुवातीचा स्पिन (इलेक्ट्रॉनचा अंगभूत चुंबकी गुण) शून्य ठेवलास तर उत्तरही शून्यच येईल. आणि प्रयोगात स्टीलचा चिमटा नको! त्याच्या लोहकणांनी भल्याभल्यांना ‘फेरोमॅग्नेटिझम’ (लोखंडासारखं चुंबकत्व) दाखवलंय.